महामार्गावरील रुग्णवाहिका आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब

साकोली सोडून राष्ट्रीय महामार्गाने पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात सौंदड लागते. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील हे गाव एरवी वृत्तपत्रांच्या मथळ्यात येण्याचे कारण नाही. चुलबंद नदीचे खोरे, धानाची शेती, गोंदियाहून चांदाफोर्ट-बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानक आणि गावाला चिकटून जाणारा, पूर्वी सहा व आता त्रेपन्न क्रमांकाने ओळखला जाणारा महामार्ग, एवढीच त्याची ओळख. परंतु नागपूर व रायपूर यांच्या दरम्यानची अवजड वाहतूक रात्रंदिवस याच रस्त्यावरून वाहते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल आहे आणि गंभीर जखमीस शस्त्रक्रियेची सोय मिळण्याचे ठिकाण एकतर गोंदिया, नाहीतर भंडारा, आणि मेंदूला मार लागला असेल तर शंभराहून अधिक किलोमीटरवरचे नागपूर. अशा गावाच्या वेशीवर उभे राहून राज्याच्या रुग्णवाहिका सेवेकडे पाहिले म्हणजे मुंबई-पुण्यात बसून न दिसणाऱ्या अनेक गोष्टी दिसू लागतात.

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे निघालेली राज्य परिवहन महामंडळाची शिवशाही बस याच महामार्गाने येऊन कोहमाऱ्याला वळली आणि पुढे याच तालुक्यातील डव्वा गावाच्या परिसरात उलटली. समोर आलेल्या दुचाकीला वाचविण्याच्या प्रयत्नात हा अपघात झाल्याचे सांगण्यात आले. अकरा प्रवाशांचा बळी गेला आणि जखमींना गोंदियाच्या शासकीय रुग्णालयात हलवावे लागले. निदान दिवसाची वेळ होती, रस्त्यावर माणसे होती. हाच प्रसंग रात्री दोन वाजता आणि जंगलातल्या एखाद्या वळणावर ओढवला असता तर किती गाड्या, किती वेळात येऊ शकल्या असत्या, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात यावयास हवा होता. तो आला नाही असे नाही. पण मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली, चौकशीचे आदेश निघाले आणि प्रश्न तिथेच राहिला. आपल्याकडे अपघातानंतरची मदत ही अर्थसंकल्पातील सर्वांत तत्पर तरतूद असते. अपघातानंतरच्या पहिल्या तासासाठी लागणारी तरतूद मात्र निविदा, मुदतवाढ आणि अभिप्राय यांच्या फेऱ्यात फिरत राहते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी, शासनाची देखरेख आणि खासगी कंपनीचे परिचालन अशी तिची रचना. एकूण ९३७ गाड्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक सामग्रीच्या आणि ७०४ प्राथमिक जीवनरक्षक सामग्रीच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा हे या सेवेचे वैशिष्ट्य. ही सेवा येण्यापूर्वी ग्रामीण भागात रुग्णवाहिका म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात उभी असलेली जुनी जीप, हे ज्यांना आठवते ते या सुधारणेचे मोल नाकारणार नाहीत. गेल्या दहा वर्षांत लक्षावधी लोकांना या सेवेने रुग्णालयात पोहोचविले आहे. टीका करावयाची ती या पार्श्वभूमीचे भान ठेवूनच केली पाहिजे.

परंतु सेवेचा पाया ज्या मापावर रचला गेला ते माप मुळातच सदोष आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष असा, की एक लाख लोकसंख्येमागे एक प्राथमिक आणि पाच लाखांमागे एक प्रगत रुग्णवाहिका असावी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. म्हणजे प्रगत गाड्या सुमारे सव्वादोनशे हव्या होत्या, त्या मिळाल्या. प्राथमिक गाड्या अकराशेहून अधिक हव्या होत्या, मिळाल्या ७०४. ही तूट दहा वर्षे तशीच राहिली आणि त्या काळात लोकसंख्या काही थांबून राहिली नाही. ही झाली सरळ तूट, ती आकड्यांत दिसते. जी दिसत नाही ती अधिक गंभीर आहे.

गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १३ लाख २२ हजार होती आणि क्षेत्रफळ पाच हजार चौरस किलोमीटरहून अधिक. निकषाप्रमाणे एक गाडी ज्या एक लाख लोकांसाठी, ते लोक या जिल्ह्यात जवळजवळ चारशे चौरस किलोमीटर मुलखात विखुरलेले आहेत. मुंबईच्या उपनगर जिल्ह्यात तेवढीच माणसे अवघ्या पाच चौरस किलोमीटरमध्ये राहतात. कागदावर दोन्ही ठिकाणी समता आहे. प्रत्यक्षात एका गाडीला ऐंशी पट मोठा मुलूख सांभाळावयाचा आहे आणि तोही जंगलातील रस्त्यांनी. सडक अर्जुनी तालुक्याची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. म्हणजे हिशेबाने त्याच्या वाट्याला एक गाडी येते. ती गाडी एखाद्या बाळंतिणीला घेऊन गोंदियाला गेली की परत येईपर्यंत तालुक्यात कोणी जखमी होऊ नये, अशीच या निकषाची अपेक्षा दिसते. लोकसंख्या हे शिधापत्रिकेवरील धान्याचे माप होऊ शकते. धान्य थोडे उशिरा मिळाले तरी चालते. वेळ हाच ज्या सेवेचा आत्मा, तिचे माप अंतर आणि वेळ हेच असावयास हवे.

गाड्या कमी आहेत म्हणावे तर दुसऱ्या बाजूने पाहता त्या पुष्कळ आहेत, फक्त एकमेकींस ओळखत नाहीत. सौंदडच्या रस्त्यावर अपघात झाला तर कोणता क्रमांक फिरवावा? १०८ हा राज्याच्या आपत्कालीन सेवेचा. १०२ हा गरोदर माता व अर्भकांसाठी. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली त्यांना मोफत वाहतुकीचा हक्क आहे आणि या गाड्या प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे असतात. १०३३ हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. त्याची रुग्णवाहिका टोल नाक्याच्या आसऱ्याने उभी असते. ११२ हा पोलिसांसह सर्व मदतीसाठीचा. यांखेरीज खासदार-आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून कोणत्या तरी संस्थेला वा रुग्णालयाला दिलेल्या गाड्या, बँकांनी व कारखान्यांनी दिलेल्या गाड्या, नगरपंचायतींच्या गाड्या. प्रत्येकीचे इंधन वेगळ्या खात्यावर, प्रत्येकीचा चालक वेगळ्या कंत्राटाचा, प्रत्येकीची नोंदवही वेगळी. हा सर्व पैसा अखेर करदात्याचा किंवा टोल भरणाऱ्याचा आहे, म्हणजे एकाच समाजाचा.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही हे समजावून देता येते. समजा, एका भागात चार गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडी केवळ आपापल्या खात्याच्या रुग्णासाठी राखीव आहे. एका खात्याचे दोन रुग्ण एकाच वेळी आले तर दुसऱ्यास थांबावे लागते, मग इतर तीन गाड्या रिकाम्या का असेनात. त्याच चार गाड्या एका नियंत्रणाखाली आणल्या तर चार रुग्णांपर्यंत कोणालाही थांबावे लागणार नाही. एका पैचा जादा खर्च न करता सेवा वाढते. बँकेत प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावण्याऐवजी सर्वांची एकच रांग का लावतात, याचे उत्तरही हेच आहे. प्रसूतीची गाडी अपघाताला द्यावी की नाही, हा प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या नाजूक आहे हे मान्य. पण आज तो प्रश्न वैद्यकीय निकषाने सुटत नाही. तो गाडी कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे यावरून सुटतो.

आता उभ्या असलेल्या गाड्यांविषयी. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बिहारच्या सारण जिल्ह्यात एका खासदाराच्या आवारात अनेक रुग्णवाहिका आच्छादनाखाली उभ्या असल्याचे उघडकीस आले. त्या खासदार निधीतून घेतलेल्या होत्या. चालक मिळत नाहीत, असे स्पष्टीकरण देण्यात आले आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही, कारण ते अधिक मोठ्या सत्याकडे बोट दाखविते. स्थानिक विकास निधीच्या नियमांप्रमाणे गाडी घेता येते. चालकाचे वेतन, इंधन, दुरुस्ती यांसारखा आवर्ती खर्च त्यातून करता येत नाही. भांडवली खर्चाला नारळ फुटतो, हिरवी झेंडी दाखविली जाते, गाडीवर नाव रंगविले जाते. महसुली खर्चाला ना नारळ, ना झेंडी. चालकाच्या चौदाव्या महिन्याच्या वेतनाचे छायाचित्र कोणी काढत नाही. परिणामी गाडी येते, दोन वर्षे धावते, टायर झिजतात आणि एखाद्या आवारात गवतात उभी राहते. महाराष्ट्रातील कोणत्याही ग्रामीण रुग्णालयाच्या मागील बाजूस फेरफटका मारल्यास ही गवतातील संपत्ती पाहावयास मिळण्याची शक्यता बरीच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण लेखापरीक्षकांचा व क्वचित वृत्तपत्रांचाही त्याबाबत घोटाळा होतो. रुग्णवाहिका उभी असणे हे उधळपट्टीचे लक्षण नव्हे. अग्निशामक दलाचा बंब दिवसभर उभा असतो म्हणून कोणी त्याचे अनुदान बंद करीत नाही. तयार राहणे हीच ती सेवा आहे. इंधन भरलेली, प्राणवायूचा सिलिंडर तपासलेला, चालक व डॉक्टर हजर असलेली गाडी सौंदडच्या चौकात सहा तास उभी राहिली तर त्या सहा तासांत महामार्गावरील प्रत्येक प्रवाशाने तिचा उपभोग घेतला आहे, जसा विमाधारक अपघात न होताही विम्याचा घेतो. उधळपट्टी आहे ती दुसऱ्या प्रकारच्या उभ्या गाडीत: जी नोंदीत ‘उपलब्ध’ आहे आणि प्रत्यक्षात जिच्यात चालक नाही, डॉक्टर नाही, किंवा बॅटरी उतरली आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. सार्वजनिक पैशाच्या व्यवस्थापनाची खरी कसोटी या दोन गाड्यांतील फरक ओळखण्यात आहे, आणि आपली देयके देण्याची पद्धत तो फरक ओळखत नाही.

कंत्राटदाराला गाडीमागे ठरावीक मासिक रक्कम दिली तर गाडी कागदावर चालू ठेवण्यात त्याचा लाभ असतो. फेरीमागे वा किलोमीटरमागे पैसे दिले तर फेऱ्या वाढविण्यात, किंवा निदान वाढलेल्या दाखविण्यात त्याचा लाभ असतो. ही शंका निराधार नाही. राजस्थानातील १०८ सेवेत फुगविलेल्या फेऱ्यांची बिले दिल्याच्या आरोपांचा तपास २०१५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवावा लागला होता. म्हणजे दोन्ही पद्धतींत चोरवाट आहे. ती बुजविण्याचा मार्ग एकच: दूरध्वनी आल्यापासून गाडी पोहोचेपर्यंत लागलेला वेळ मोजावा, त्यावर देयक बेतावे आणि तो वेळ कंत्राटदाराखेरीज दुसऱ्या कोणीतरी मोजावा. आज ज्याला बिल द्यावयाचे तोच आपल्या कामाचे मोजमाप ठेवतो. इतकी सोय तर किराणा दुकानदारालाही मिळत नाही. त्याच्या तराजूवर निदान वजनमापे खात्याचा शिक्का लागतो.

कराराच्या मुदतीचा प्रश्नही असाच आहे. २०१४ चा करार पाच वर्षांचा होता. २०१९ मध्ये नवी निविदा काढून नवा करार होणे अपेक्षित होते. त्याऐवजी मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. मधली दोन वर्षे करोनाने खाल्ली हे खरे, पण करोना २०२० मध्ये आला आणि करार २०१९ मध्ये संपत होता, हे कॅलेंडर सांगते. पुढे नवीन निविदा निघाली आणि २०२४ मध्ये सुमारे दहा वर्षांच्या करारासाठी १,७५६ वाहनांची योजना पुढे आली: २५५ प्रगत, १,२७४ प्राथमिक, ३६ नवजात अर्भकांसाठी, १६६ दुचाकी आणि २५ नौका. वाहनांची संख्या जवळजवळ दुप्पट होते आहे, ही समाधानाची बाब. विरोधी पक्षांनी या व्यवहारात हजारो कोटींच्या गैरव्यवहाराचा आरोप केला, शासनाने तो नाकारला. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण आरोप सर्वस्वी निराधार ठरले तरी एक आर्थिक प्रश्न शिल्लक राहतोच. निविदा उघडतात त्या दिवशी स्पर्धा असते. दुसऱ्या दिवसापासून मक्तेदारी सुरू होते. गाड्या त्याच्या, प्रशिक्षित माणसे त्याची, नियंत्रण कक्षातील माहिती त्याची. अशा वेळी कंत्राटदाराला दंड करणे म्हणजे शासनाने स्वतःचाच हात पिरगळणे. पाच वर्षांच्या करारात जे शासनाला जमले नाही ते दहा वर्षांच्या करारात कसे जमणार, याचे उत्तर करारातील दंडाच्या कलमांत शोधावे लागेल आणि ती कलमे सर्वसामान्य नागरिकाला सहज वाचावयास मिळतील तेव्हाच. या सेवेच्या इतिहासात एक बोलका प्रसंग आहे. १०८ ची कल्पना देशात प्रथम रुजली ती २००५ मध्ये हैदराबादेत, सत्यम कंपनीच्या प्रमुखांच्या पुढाकाराने. जानेवारी २००९ मध्ये त्याच प्रमुखांनी हिशेबांतील अफरातफरीची कबुली दिली आणि सेवेवरचे छत्र एका रात्रीत नाहीसे झाले. दुसऱ्या उद्योगसमूहाने ती उचलली म्हणून बरे.

तथापि सर्व दोष कंत्राटावर टाकून मोकळे होणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. ग्रामीण भागात रुग्णवाहिका इतक्या अपुऱ्या का पडतात, याचे मूळ रुग्णवाहिकेत नसून रुग्णालयात आहे. सडक अर्जुनीला ग्रामीण रुग्णालय आहे. अशा रुग्णालयात भूलतज्ज्ञ असेल, रक्त साठविण्याची सोय असेल, शल्यचिकित्सकाचे पद भरलेले असेल तर अपघातातील बरेच जखमी आणि अडलेल्या बाळंतिणी तेथेच सावरतील. पद रिकामे असेल तर त्याच रुग्णाला ‘पुढे पाठवा’ असा शेरा मिळतो. मग पंधरा किलोमीटरची फेरी पन्नासाची होते, गोंदियाहून नागपूरचा शेरा मिळाला तर परतीसह तीनशेच्या आसपास जाते आणि तेवढे तास तालुका गाडीविना राहतो. शासनाने भूलतज्ज्ञाचे वेतन वाचविले असे दिसते. प्रत्यक्षात ते डिझेलमध्ये, टायरांत आणि कधी कधी माणसाच्या जिवात खर्च झालेले असते, फक्त वेगळ्या लेखाशीर्षाखाली. २०२४ च्या अखेरीस विधिमंडळात सादर झालेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने राज्याच्या आरोग्य सेवेतील डॉक्टर व परिचारिकांच्या रिक्त पदांवर बोट ठेवले आहे. तो अहवाल वाचताना त्या प्रत्येक रिक्त पदासमोर रस्त्यावर धावणारी एक गाडी मनात धरली तर दोन्ही प्रश्न एकच असल्याचे ध्यानात येते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, हे या अंधारात थोडे आशादायक. पण महाविद्यालय गोंदियात आहे, महामार्ग सौंदडवरून जातो.

शेजारच्या गडचिरोलीचे चित्र याहून विदारक. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात एका जोडप्याला आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलवाट तुडवावी लागली. त्या छायाचित्राने राज्य हळहळले. हळहळ ही आपली जुनी सवय आहे.

न्यायालयाने याबाबत काय म्हटले आहे हे विसरले गेले आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडून डोक्यास मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठविले. पश्चिम बंग खेत मजदूर समिती या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला, की वेळेवर आपत्कालीन उपचार न मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग आहे. एवढ्यावर न थांबता प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत नेण्यासाठी सामग्री व कर्मचारी यांनी सज्ज रुग्णवाहिका आणि खाटांची माहिती एका जागी ठेवणारी संदेशव्यवस्था असावी, असेही न्यायालयाने सुचविले. आर्थिक चणचणीची सबब सांगून हे घटनात्मक कर्तव्य शासनाला टाळता येणार नाही, असेही त्याने बजावले. या निकालाला तीन दशके होत आली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये अपघातानंतरच्या पहिल्या तासाची व्याख्या आली आणि २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची केंद्रीय योजनाही अधिसूचित झाली. उपचाराचे पैसे देण्याची व्यवस्था झाली. उपचारापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था अजून चाचपडत आहे.

मग करावयाचे काय? नवीन खाते, नवीन आयोग नको. गोंदिया जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर १०८, १०२, टोल नाक्यावरील आणि लोकप्रतिनिधींच्या निधीतील सर्व गाड्यांची एकत्र नोंद जिल्हाधिकाऱ्यांनी करावी आणि कोणती गाडी कोणत्या क्षणी कोठे आहे हे एकाच कक्षास दिसावे. यास यंत्रसामग्री लागते ती आज कोणत्याही मालमोटारीच्या मालकाकडे असते. ज्या गाडीच्या चालकाची व इंधनाची पाच वर्षांची तरतूद दाखविता येत नाही, ती गाडी कोणत्याही निधीतून घेण्यास जिल्हा नियोजन समितीने मान्यता देऊ नये, मग देणगीदार कितीही मोठा असो. महामार्गालगतच्या आणि जंगलातील तालुक्यांसाठी लोकसंख्येऐवजी अर्ध्या तासाचे अंतर हा निकष धरावा. एक गाडी लांब पल्ल्यास गेली तर शेजारची गाडी आपोआप पुढे सरकावी.

आणि दर महिन्याला तालुकानिहाय आकडे प्रसिद्ध व्हावेत: किती दूरध्वनी आले, कितींना गाडी मिळाली, निम्म्या रुग्णांपर्यंत किती मिनिटांत पोहोचली आणि सर्वांत उशिरा पोहोचलेल्या दहा फेऱ्यांना किती वेळ लागला. राज्याची सरासरी कोणाच्याच कामाची नाही. पुण्यातील दहा मिनिटे आणि सडक अर्जुनीतील सत्तर मिनिटे यांची सरासरी चाळीस येते आणि ती चाळीस मिनिटे कोणाच्याही वाट्याला आलेली नसतात. हे आकडे नियंत्रण कक्षाच्या संगणकात आजही आहेत, कारण त्यावाचून कंत्राटदाराचे बिलच तयार होत नाही. ते पंचायत समितीच्या फलकावर लावावयास एक कागद आणि चार टाचण्या लागतात. सडक अर्जुनीच्या पंचायत समितीने हा ठराव आपल्या पुढच्या बैठकीत मांडला, तर मंत्रालयाच्या परवानगीची वाट पाहण्याचे तिला कारण नाही.